दोघींत एक थेंब

४ मे
पोचलो एकदाचे! तिसरा मजला, दोन खोल्या, गॅलरीत भरपूर ऊन. नव्या संसारात नवऱ्याबरोबर नणंदही मिळाली. आईवडिलांमागे त्यानेच तिला वाढवलं. सगळे चिऊ म्हणतात. नणंदेच्या नावाने मला कोणी कोणी घाबरवलं होतं! पण या पोरीने जिन्यातच माझ्या बॅगा हिसकावून घेतल्या आणि वर पोचेपर्यंत भावाच्या सगळ्या चुगल्या सांगून टाकल्या. दुधात साखर म्हणजे नवऱ्याच्याच प्रयोगशाळेत मलाही काम मिळालं, फळमाश्या सांभाळायचं. चिऊ म्हणाली, लोक माश्या मारतात, तुम्ही दोघं पगार घेऊन पाळता.

९ मे
काम मजेचं आहे. कोशातून नुकत्याच निघालेल्या माद्या, नर त्यांना गाठायच्या आत, वेगळ्या बाटलीत काढायच्या. आज आमच्या प्रमुख बाईंनी बशीत यीस्टचा एक थेंब ठेवला आणि अशा दोन कोऱ्या माद्या सोडल्या. गुण्यागोविंदाने खात होत्या. मग नराशी मीलन झालेल्या दोघी सोडल्या. एकीने मान खाली घालून दुसरीला अशी ढुशी दिली की ती उताणीच पडली. बाई म्हणाल्या, मीलनात नराकडून एक प्रथिन मादीच्या अंगात जातं आणि तिचे हार्मोन्स बदलतात. भूक वाढते, झोप उडते, पुन्हा नर नकोसा होतो आणि दुसरी मादी डोळ्यांसमोर खपत नाही. मी म्हटलं, म्हणजे सासरी आलेली सूनच की! बाई हसल्या नाहीत.

१७ मे
नवऱ्याने आपल्या ताटातलं अर्धं अंडं चिऊला दिलं. एवढंच. पण माझ्या पोटात असं दुखलं! बहीण आहे ती त्याची. माझी मलाच लाज वाटली, तरी जळफळाट जाईना. हल्ली भूक फार लागते. दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही.

२३ मे
यीस्ट घरी आणलं. बोटाने चाटते. चिऊने काय आहे विचारलं तर डबा छातीशी धरला. नवरा जवळ आला, त्याला ढकललं. पायाने. हात असताना पायाने. तो जाऊन चिऊशी हसत बसला. तळपायाची आग मस्तकात गेली.

२६ मे
बाईंना विचारलं, हा राग आपला नाही, कुणीतरी अंगात घातलाय, हे माशीला कळत असेल का? त्या म्हणाल्या, तिला तो स्वतःचाच वाटणार.
मला कळतंय. म्हणजे मी माशी नाही. नाही ना?

२८ मे
चिऊचं कपाळ फुटलं. दार लागलं, असं तिने भावाला सांगितलं. माझ्यासाठी खोटं बोलली पोर. माझ्याही कपाळाला टेंगूळ आहे, ते त्याने अजून—

२९ मे
नवरा कामावर. मी आतल्या खोलीत, बाहेरून कुलूप. मीच लावायला लावलं. चिऊला बजावलंय, भाऊ येईपर्यंत उघडू नकोस, काही झालं तरी.
भूक—
चिऊ दाराशी आलीय. म्हणतेय, वहिनी, माझा राग नाही हो तुमच्यावर. सकाळपासून उपाशी आहात. जेवण आणलंय, दोघी एकाच ताटात खाऊ.
वास येतोय.
एकाच ताटात. माझ्या ताटात ती—
नको गं उघडू. ओरडायला हवं, पण घशातून नुसतं—
किल्ली फिरली. मान आपोआप खाली—
चिऊ, प