तीर्थ जास्त झाल्याबाबत

प्रति,
मा. ग्रामप्रमुख,
तोयासारी ग्रामकार्यालय, बाली.

विषय: कार्यालयाचा लॅपटॉप सुरू न होण्याचे खरे कारण कळवणे व श्रीमती विरात्नी यांची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ: त्यांना महिनाअखेर कामावरून कमी करण्याबाबतची आपली नोटीस.

महोदय,

मी, नेंगाह रुंदिया, आपल्या कार्यालयातील आवक-जावक लिपिक, खालील मजकूर कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव असता तर आधीच लिहिला असता.

१. तुम्पेक लांदेपच्या शनिवारी, यंत्रांच्या व लोखंडाच्या पूजेसाठी, प्रथेप्रमाणे तीर्थाचे भांडे माझ्या हाती होते. आपली गाडी, सर्वांच्या मोटारसायकली, गवत कापायचे यंत्र, प्रिंटर यांवर मी फुलाने रीतसर तीर्थ शिंपडले. लॅपटॉप उघडा व चालू होता. तो बरेच दिवस सारखा अडकत असल्याने त्याला कृपेची गरज अधिक आहे, असे माझे मत झाले. सबब मी फूल बाजूला ठेवून भांडेच कलते केले. नंतर माणसांना लावतो तशा, चंदनाच्या पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या अक्षता, कॅमेऱ्याची जागा हे त्याचे कपाळ समजून, तिथे लावल्या. त्या घसरून कळांमध्ये गेल्या. स्क्रीन काळी पडली. मी झाकण मिटले आणि वर नैवेद्याचा द्रोण ठेवून घरी गेलो.

२. सोमवारी, त्या लॅपटॉपवर रोज काम करणाऱ्या विरात्नीबाईंनी बटण दाबले. काहीच नाही. त्यांनी प्लग बदलला, शेजारच्या शाळेतून चार्जर मागून आणला, बॅटरी काढून पुन्हा बसवली, बटण दाबून धरून बोट लाल केले, पंख्याचा आवाज येतो का म्हणून कान लावून बसल्या. मी शेजारी उभा राहून, "जरा दुसऱ्या बोर्डात लावून बघा की," असा सल्ला देत होतो. महोदय, मला सगळे ठाऊक होते.

३. जावाहून आलेल्या तंत्रज्ञाने लॅपटॉप खोलला व आपणांस फोनवर सांगितले, "साहेब, आत पाणी आहे आणि भात आहे. कुणीतरी ह्याच्यावरच जेवलंय." आमच्या बालीच्या अक्षता त्या परमुलखातल्या बापड्याला काय माहीत! विरात्नीबाई टेबलावर बसून केळीच्या पानातला भात खातात हे सर्वांना ठाऊक. आपण सर्वांदेखत म्हणालात, "ऑफिस आहे का खाणावळ?" त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. तंत्रज्ञाने कागदावर काढून ठेवलेले दाणे मी गुपचूप खिशात टाकले.

४. तीर्थाने यंत्र बिघडले असे म्हणायला माझी जीभ रेटेना. पुजारी काय म्हणतील, गाव काय म्हणेल! पूजेच्या दिवशी गाडीतून उतरता उतरता आपणही, "रुंदिया, लॅपटॉपला जरा सढळ हातानं दे रे, फार छळतोय," असे फर्मावले होते. हे मी बचावासाठी सांगत नाही, केवळ माहितीसाठी.

५. काल विरात्नीबाई कार्यालयाच्या देव्हाऱ्यापुढे बसलेल्या दिसल्या. मला म्हणाल्या, "दादा, मला आठवत नाहीये हो, पण सांडलंच असणार माझ्याकडून. नाहीतर भात आत जाईल कसा? तुम्ही पूजा केली होतीत म्हणून एवढ्यावर निभावलं." महोदय, ही बाई आता दिवसभर घोटभर पाणी पीत नाही. जेवते ती बाहेर मोटारसायकलींच्या रांगेत, उभ्याउभ्या. मी तिच्याकडे बघू शकत नाही. मला स्वतःची लाज वाटते, आणि घरी घास गोड लागत नाही.

तरी विनंती की, नोटीस रद्द करावी, दुरुस्तीचा खर्च माझ्या पगारातून कापावा, व ज्या ठिकाणी त्यांना बोल लावले त्याच ठिकाणी, सर्वांदेखत, हा अर्ज मोठ्याने वाचावा. मुद्दा ४ वाचायचा की गाळायचा, हे आपणच ठरवावे. मला कामावरून काढल्यास तक्रार नाही.

आपला नम्र आणि अपराधी,
नेंगाह रुंदिया
दि. २९ सप्टेंबर

सोबत: लॅपटॉपमधून निघालेले दाणे, पुडीत. कृपया वास घेऊन पाहावा. भाताला चंदनाचा वास येत नसतो.