धोके ओळखण्याचा वर्ग

रविवार

पोहोचले एकदाची, आणि चक्क खूश आहे. दारावर माझ्या नावाची पाटी आहे! ऑफिसात आयुष्य गेलं, पण तिथे टेबलावरही कोणी पाटी लावली नाही. इथे पाटीवर खोलीतल्या जोडीदारणीचंही नाव आहे, पण माझं वर आहे. ती एका जलतरण तलावाची व्यवस्थापिका. अंगाने भरभक्कम, हसायला लागली की पलंग हलतो. मी तिला मनातल्या मनात तलाववाली म्हणते.

खिडकीतून प्रशिक्षण केंद्राचं उद्यान दिसतं. मोठं तळं, त्यावर लाकडी पूल, पलीकडे मुलांची खेळायची जागा. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतोय. उद्यानं आणि क्रीडांगणं सांभाळणाऱ्यांसाठी आठवडाभराचं निवासी प्रशिक्षण आहे हे. ते केल्याशिवाय बढती नाही, असा नियम आता निघाला. माझा जुना मदतनीस मात्र नियम निघायच्या आधीच साहेब होऊन बसला. झाडांना पाणी कधी द्यायचं हे ज्याला मी शिकवलं, तो आता माझ्या रजेवर सही करतो. त्यानेच माझं नाव पाठवलं, आणि वर म्हणाला, ताई, तेवढीच तुम्हाला विश्रांती. म्हणे विश्रांती.

पण खोली छान आहे. उगाच कुरकुर कशाला?

सोमवार

सकाळी भाषणं. उद्यानात येणारा माणूस हा आपला पाहुणा आहे, वगैरे. पाहुण्यांनी उपटून नेलेली रोपं कोण भरून देणार, ते काही पडद्यावर दिसलं नाही.

प्रशिक्षक उंच, किडकिडीत माणूस. वर्गातही काळा चष्मा लावून बसतो आणि मान कायम खाली. मला आधी वाटलं, भारीच आखडू दिसतोय.

दुपारी मात्र माझा दिवस होता. प्रत्येकाच्या हातात लाल झेंड्या दिल्या आणि सांगितलं, उद्यानात फिरा, जिथे कोणाला इजा होईल असं वाटतं तिथे झेंडी रोवा. बाकीचे गप्पा मारत फिरले. मी बघत फिरले. तळ्याकाठच्या बाकाचा पाय आतून कुजलेला. सीसॉचा बोल्ट ढिला. माझ्या झेंड्या संपल्या, तरी धोके संपेनात. लेक नेहमी म्हणते, आई, तुला सगळीकडे खोटच दिसते. तिला म्हणावं, ये आणि बघ, त्याच खोटीसाठी आज टाळ्या पडल्या.

प्रशिक्षकाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. विचारलं, एवढं दिसतं, त्याचा आनंद होतो का तुम्हाला? मी म्हटलं, आज तरी झाला.

मंगळवार

तळ्याकाठचा तो बाक सकाळी मोडला. फिरायला आलेले एक आजोबा झेंडी बाजूला करून त्यावर टेकले आणि खाली आले. मनगट मोडलं. सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, ताईंनी कालच सांगितलं होतं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

दुपारी इथला सुतार भेटला. त्याचं तोंड उतरलेलं. म्हणाला, बाक याच मोसमात केलाय, लाकूड कोरं, काल तुम्ही यायच्या आधी मी स्वतः त्यावर बसून डबा खाल्ला. मी त्याला मोडका पाय दाखवला. आतून भुसा झाला होता. तो बघतच राहिला. मग म्हणाला, हे काल नव्हतं.

आपली चूक कोण कबूल करतो?

संध्याकाळी सीसॉचा बोल्ट निघाला आणि एका मुलीचे पुढचे दात गेले. या वेळी बरं वाटलं नाही.

बुधवार

तलाववाली दवाखान्यात आहे. खुब्याचं हाड मोडलंय.

सकाळी आम्ही दोघी पुलावरून चाललो होतो. एका फळीवर मला शेवाळ दिसलं. मी बोललेही नाही, तिला हात करणार तेवढ्यात तिचा पाय सटकला. मी वाकून फळीवर बोटं फिरवली. हिरवी, बुळबुळीत. आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या कोरड्या ठणठणीत.

तिला उचलून नेताना ती माझा हात धरून हसायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, ताई, आता खोलीत घोरणारं कोणी नाही, झोपा निवांत.

मी झेंडी लावली नव्हती. कोणाला सांगितलंही नव्हतं. नुसतं दिसलं होतं.

परत येताना प्रशिक्षक भेटला. चष्मा नव्हता. तळ्याच्या काठाशी उभा राहून झाडांचे शेंडे बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

गुरुवार

त्याला गाठलं. वर्गाबाहेर अडवून विचारलं, हे काय चाललंय?

त्याने काही लपवलं नाही. लपवलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, हे त्याच्याकडेही असंच एका वरिष्ठाकडून आलं. ज्याला जास्त दिसतं त्याच्याकडे ते जातं, आणि मिळाल्याचा ज्याला आनंद होतो त्याच्याकडे राहतं. मग जे दिसेल ते होतं. त्याची बायको बाथरूममध्ये घसरून पडली आणि गेली. त्याने फक्त ओली फरशी बघितली होती. तेव्हापासून काळा चष्मा, खाली मान आणि दर आठवड्याला नवा वर्ग. कोणीतरी त्याच्याहून तिखट नजरेचं येईल म्हणून.

मी म्हटलं, परत घ्या.

तो म्हणाला, "ताई, मला आता तेवढं दिसत नाही हो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने मारून घेतली. मग म्हणाला, उद्यापासून रजा टाकलीय, डोंगर बघायला जाणार आहे.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला लायक ठरवलं, ते यासाठी.

शुक्रवार

सकाळी बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले. बस उभी होती, माणसांनी भरलेली. माझी नजर पुढच्या चाकाकडे वळायला लागली. डोळे गच्च मिटले आणि चाचपडत मागे फिरले. कोणीतरी हसलं. हसू दे. बस गेली. सुखरूप गेली असेल.

खोलीचे पडदे ओढलेत. नजर या पानावरून उचलत नाही. पानाने कोणाचा जीव जात नाही.

दुपारी साहेबाचा फोन. उद्या समारोपाला घरच्यांना बोलावतात म्हणे. त्याने परस्पर माझ्या लेकीला कळवलंय, ऑफिसची गाडी दिलीय. तुम्हाला बक्षीस आहे ताई, घरच्यांनी बघायला नको का? इतक्या वर्षांत एकदा माझं भलं करायला निघाला, आणि मुहूर्त हा काढला. ही नजर त्याच्या गळ्यात मारावी असंही मनात आलं. पण पायाखाली खड्डा आला तरी दिसायचा नाही त्याला. म्हणूनच तो साहेब आहे.

लेकीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. टिल्लीला तर मुळीच आणू नकोस. नात माझी, अजून शाळेतही जात नाही. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

मग म्हणाली, "आई, एवढं चांगलं होतंय तुझं, त्यातही तुला वाईटच दिसावं का गं?"

आणि फोन ठेवला. परत लावला. उचलत नाही.

शनिवार

डोळ्यांवर ओढणी बांधली होती. लिहिण्यापुरती वर केलीय.

बघायचं नाही एवढंच. बघितलं नाही तर काही होत नाही. प्रशिक्षकही तसाच जगला —

आत्ता मनात आलं, दवाखान्यात तलाववालीच्या खाटेला — नाही. विचार नाही करायचा. न बघता नुसतं मनात आलं तर? हे त्याला विचारलंच नाही. तो गेला.

दवाखान्यात फोन लावला. तलाववाली कशी आहे विचारलं. नर्स म्हणाली, कसं सांगू ताई, खाटेवरून —

मी नव्हतं बघितलं. मी इथे होते. मी नुसतं —

शनिवार, नंतर

गाडी आली. दार वाजलं गाडीचं. टिल्लीचा आवाज.

दाराला आतून कडी घातलीय. लेक खालून हाका मारतेय. मी ओरडून सांगितलं, परत जा. ती म्हणतेय, पुरे कर आई, पोर किती आशेने आलीय.

पाण्याचा विचार करते. आकाशाचा. आकाशाला काही होत नाही.

टिल्ली जिन्याने वर येतेय. एकटीच. दार ठोठावतेय. आजी, उघड ना. आजी, मी तुझ्यासाठी फूल आणलंय. मग म्हणाली, बरं, मी इथे बसते.

कुठे बसतेय? जिन्याच्या वर नुसता लाकडी कठडा. मी रोज त्याला धरून —

नाही. कठडा पक्का आहे. मी बघितलाय, पक्का आहे. पक्का. पक्का.

"आजी, बघ ना, मी कुठे चढले!"

बघत नाहीये मी. बाळा, खाली उतर, आजी बघत नाहीये, आजीच्या मनात काही नाही, फक्त त्या कठड्याचा खालचा खिळा —