वाटजाईची ओटी

९ फेब्रुवारी १९५८
सरपंच झाल्यापासून भाऊजींना गावाचं नाव पेपरात हवंय. बोर्लीच्या रस्त्यावरची आमची वाटजाई म्हणे हजार वर्षांची, म्हणून मुंबईहून प्राध्यापक आणले. त्यांनी आधी विचारलं, शेंदूर काढू का? भाऊजी म्हणाले, काढा की, आमची देवी काय लाजते काय. जाड कवच होतं, दुपारी निघालं.
वर चंद्रसूर्य. मधे अक्षरं. खाली बाई, आणि तिच्यावर गाढव.

१० फेब्रु.
झोप नाही. देवी नव्हेच, जुन्या राजाचा जमीन दिल्याचा दगड. हे दान जो मोडील त्याच्या आईला... पुढचं प्राध्यापकांनी बाप्यांना बाजूला नेऊन सांगितलं. आम्हा बायांना जणू दिसतच नव्हतं.
वा रे वा. जमीन तुमची, भांडण तुमचं, आणि गाढव आईवर.
गावात येणारी प्रत्येक नवरी आधी तिथे ओटी भरते. मीही भरली, डोळे मिटून, ह्यांच्या शेजारी उभी राहून. आता हे नाहीत. भांडू तरी कुणाशी?

२ मार्च
बोर्लीच्या बाजारात आमची माणसं दिसली की लोक गाढवासारखे रेकतात. परवापर्यंत हेच नवस फेडायला यायचे. आमची पोरं काठ्या घेऊन निघालेली. बाईसाठी नव्हे, गावाच्या अब्रूसाठी.

१७ मार्च
माझ्या दत्तूचं लग्न ठरलंय, त्या व्याह्यांचा निरोप. त्यांची कमल त्या दगडापुढे वाकणार नाही, नाहीतर लग्न मोडलं समजा. मला हायसं वाटलं. आईला काय वाटतं हे दत्तूने कधी विचारलंय?
भाऊजी म्हणाले, "ओटी न भरता नवरी वेशीच्या आत न्हाय यायची. मग आपण कोन?"

५ एप्रिल
पुन्हा शेंदूर, चांगला दोन बोटं. व्याह्यांना कळवलं, प्राध्यापक चुकला, देवीच आहे. त्यांनी मानलंही. त्यांना तरी कुठे मोडायचं होतं.
गावाने नारळावर हात ठेवून शपथ घेतली, बोलायचं नाही. मी हात ठेवला नाही.
"वहिनी, तुमच्याच पोराचं लगीन हाय."
तेच तर.

४ मे
वरात वेशीवर थांबली. मी विधवा, म्हणून बाजूला. कमल खण-नारळ घेऊन पुढे गेली, आणि वळून मलाच विचारलं, "आत्याबाई, देवीच हाय ना?"
भाऊजी माझ्याकडे बघत होते. दत्तू खाली.
म्हटलं, "न्हाय गो. बाई हाय. बाप्यांनी तिचे हाल केलेत. भरायची तर तिची भर, न्हायतर चल घरात."
वाजंत्री थांबले. कमल खाली बसली, नारळ बाजूला ठेवला आणि शालूच्या पदराने अजून ओलाच असलेला शेंदूर पुसायला लागली. गाढव दिसलं तशी थांबली. मग बाईच्या पायाशी खण ठेवला.
आता ओसरीवर बैठक चाललीय. व्याही म्हणतात मुलगी परत नेतो. भाऊजी म्हणतात न्याच. दत्तू दोघांना चहा देतोय.
कमलला अजून कुणी विचारलेलं नाही.