हंडीत न गेलेले तितर

हॉटेल रानपाखरू,
अक्कलकुवा
२४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप उमाकांत दाजींच्या चरणी बन्सीलालचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला कंबर राजी नाही म्हणून कागदावर घातला आहे. तुमचेही गुडघे पाहता तुम्ही मला उठवायला वाकू नये.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माणसांचे क्षेम आहे, हॉटेलला मात्र आठ दिवसांपासून कुलूप आहे, ते का, ते ओघात येईलच. धानोऱ्यात पाऊस कसा आहे, तुमची साखर कुठवर उतरली, आणि नवी कवळी बसली का? शांतीताई म्हणत होती की तुम्ही कवळी काढून ठेवता, मग सापडत नाही, आणि साऱ्या घराला रांगेत उभे करून चौकशी करता. मुख्याध्यापकी सुटून सहा वर्षे झाली, पण वर्ग अजून भरतो आहे हे ऐकून बरे वाटले.

एवढे सारे फोनवर का विचारले नाही, असे तुमच्या मनात येईल. दाजी, फोन तुम्ही चौथ्या वाक्याला आपटला असता. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचाल, कारण लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय तुम्हाला कोणाची लग्नपत्रिकासुद्धा खाली ठेववत नाही. एकदोन चुका त्यासाठी मी सोडल्याही असतील.

आधी अभिमानाची बातमी. पुढच्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह सुरू होतो. हॉटेलवाल्यांनी रानातल्या जिवांसाठी काय करावे, या विषयावर आमच्या रेंजर रंजिता मॅडम तालुक्यातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांना बोलावणार आहेत, आणि त्यात भाषण माझे आहे. (हो, माझेच. सातवीत भाषणाच्या दिवशी पोटात दुखते म्हणून घरी राहिलेला तोच मी.) शाल, श्रीफळ, फोटो, सगळे ठरले आहे. अट एकच आहे. येत्या सोमवारी मॅडमपुढे माझी चौकशी आहे, तीत मी निर्दोष ठरलो पाहिजे. नाही ठरलो तर त्याच मॅडम त्याच दिवशी माझ्यावर तितर मारून विकल्याचा गुन्हा दाखल करणार आहेत. शाल आणि बेडी दोन्ही तयार आहेत, सोमवारी कोणती अंगावर पडते ते पाहायचे.

झाले ते असे. गेल्या मंगळवारी दुपारी दोन पुरुष आणि एक बाई जेवायला आले. बाईंनी विचारले, पाटीवर लिहिलेली तितर हंडी खरोखर तितराची असते का. आपला वेटर नथ्थू (साठी उलटली, वडिलांच्या वेळेपासून आहे, हॉटेलचा अभिमान माझ्याहून त्याला जास्त) छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, आमना मालक कधी लबाड बोलस नई. हाऊ तितरच शे." बाईंनी हंडी मागवली, झाकणसुद्धा न उघडता पिशवीत घातली, पिशवीला लाख लावली आणि ओळखपत्र टेबलावर ठेवले. त्याच रेंजर मॅडम. नथ्थूने तरी तिथे थांबावे की नाही? त्याने विचारले, जोडीला भाकरी बांधून देऊ का.

तेव्हा मी हात जोडून खरे काय ते सांगितले. तेच आता तुम्हाला सांगतो. उभे असाल तर बसून घ्या. दाजी, त्या हंडीत तितर नव्हता. कोंबडी होती. आणि त्या दिवशीच नव्हे, सतरा वर्षांत आपल्या हंडीत एकदाही तितर गेलेला नाही.

मॅडम हसल्या. पकडलेला प्रत्येक माणूस कोंबडीच म्हणतो, असे म्हणाल्या. सतरा वर्षे खोटे बोललो तर अक्कलकुव्यापासून नंदुरबारपर्यंत लोकांनी विश्वास ठेवला, आणि जन्मात एकदा सरकारी माणसापुढे खरे बोललो तर ते कागदावर घ्यायलाही कोणी तयार होईना. हंडी तपासायला मोठ्या प्रयोगशाळेत गेली आहे, तिचा अहवाल यायला काही महिने लागतील म्हणतात. नथ्थूने तर मला मोरीपाशी नेऊन समजावले की मालक, घाबरून हॉटेलची अशी बदनामी करू नका, तुरुंगात जायचे तर दोघे जाऊ, पण नाव राखू.

आता मुळात हे सुरू कसे झाले ते ऐका, कारण त्यात तुमचाही थोडा हात आहे. तुम्ही मुख्याध्यापक झालात तो दिवस आठवा. चार गुरुजींना घेऊन तुम्ही आलात आणि रस्ताभर त्यांना सांगत आलात की मेव्हण्याचे हॉटेल आहे, तितर खाऊ घालतो. मी एका फासेवाल्याकडून एक जिवंत तितर मागवला. (कायदा तेव्हाही होता. आपल्याला तो माहीत नव्हता, म्हणजे माहीत करून घ्यायचा नव्हता.) सुरी घेऊन मागे गेलो तर तो पिशवीतल्या पिशवीत ओरडायला लागला. त्यांचे ते ओरडणे तुम्ही ऐकले आहे, किती-तर, किती-तर, असे काहीतरी विचारल्यासारखे. माझ्याने सुरी चालवेना. दाजी, हे मी आजवर कोणाला सांगितले नाही, मटण-कोंबडी विकून पोट भरणाऱ्या माणसाची सुरी एका पाखरापुढे अडते हे ऐकायला बरे दिसत नाही. मी पिशवी उघडली. तो उडालासुद्धा नाही, चांगला पायी पायी नाल्याकडे चालता झाला. बाहेरून तुमच्या हाका सुरूच होत्या. मग एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, कापली गेली, तुकडे बारीक केले, हंडीवर पळसाचे पान ठेवून कणकेने तोंड बंद केले. तुम्ही पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि चारी गुरुजींना म्हणालात, याला म्हणतात तितर, कोंबडी खाणाऱ्यांना हे कळायचे नाही. जावयाचे वाक्य चार माणसांत खोटे पाडणारा मेव्हणा खानदेशात अजून जन्मायचा आहे.

पुढे ते वाढत गेले. तुम्ही हाड चोखून सांगू लागलात की हा नाल्याकाठचा, हा डोंगरावरचा, ही मादी दिसते. (मादी मात्र दर वेळी बरोबर ओळखलीत.) फक्त एकदा तलंग मिळाली नाही म्हणून परवान्याच्या फार्मवरची बटेर (तितराच्याच कुळातली) घातली होती, त्या दिवशी तुम्ही ताट सरकवून म्हणालात, ही कोंबडी आहे, बन्सी, मला शिकवू नकोस.

पण गिऱ्हाईक सगळे तुमच्याइतके श्रद्धाळू नसते. सीमेपलीकडच्या दारूबंदीतून गाड्या घेऊन येणारे पाहुणे (ते मुख्यतः कशासाठी येतात ते गुरुजींना लिहीत नाही) फार खोदून विचारायचे. तेव्हा मी त्यांना मागच्या दारी न्यायचो आणि म्हणायचो, ऐका. नाल्याकडून किती-तर, किती-तर सुरू असायचे. पाहुणे खूश होऊन आत जायचे आणि आणखी एक हंडी सांगायचे. म्हणजे खोटी हंडी खपवायची तर मागे खरे तितर ओरडते ठेवणे भाग होते. म्हणून मी मागचे सात एकर कधी नांगरले नाही की गवत पेटवले नाही. बोरी, निवडुंग, बाभळी, आहे तसे ठेवले. पेट्रोल पंपवाल्याने जागा मागितली, दिली नाही. उन्हाळ्यात परातींतून पाणी, सांडलेली बाजरी, तांदळाची कणी. उष्ट्याला झाकणाचा खड्डा केला, कारण उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्री अंडी खातात. त्या बाजूचे दिवे काढले, लग्नाच्या पार्ट्यांना डीजे बंद केला. फासे घेऊन कोणी आले की मी काठी घेऊन धावायचो, हा माल हॉटेलचा आहे म्हणायचो, आणि लोकांना ते पटायचे. हे सगळे मी लबाडी टिकवण्यासाठी केले, दाजी. पण सतरा वर्षे रोज पाणी ठेवले की त्यांच्यावर जीव जडतो. आता पहाटे ते ओरडले नाहीत तर मला चहा जात नाही.

तर मॅडमना मी म्हटले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मागे चला. त्या तीन दिवस सूर्य उगवायच्या सुमारास दुर्बीण घेऊन आल्या. मी आणि नथ्थू बोरीखाली उकिडवे बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि सांगितले, एकतीस तितर, शिवाय ससे, मुंगूस आणि एक घोरपड. मग म्हणाल्या, "बन्सीलालभाऊ, या रस्त्याच्या कडेला एवढे तितर मी दुसरीकडे कुठेच पाहिले नाहीत. तुम्ही खरे बोलत असाल तर तुमचा सत्कार मी स्वतः करीन." माझा ऊर भरून आला. वडील गेल्यावर हॉटेल सांभाळले, मुलींची लग्ने केली, पण एवढे मोठे वाटले नव्हते. एकतीस, दाजी. जिल्ह्यात कोणाच्या हॉटेलमागे एवढे असतील तर दाखवावेत.

पुरावा मात्र एवढ्याने होत नाही. मागे तितर आहेत म्हणजे पुढे हंडीत नव्हते असे नाही, उलट सोय जवळ होती, असेही कोणी म्हणेल. म्हणून डाबकडच्या डोंगरातून कालीबाईला बोलावले. गेली सतरा वर्षे तलंगा तीच पुरवते. (पावती एकही नाही. लबाडी उघडी पडू नये म्हणून कागद राहू न देण्याची मी जी काळजी घेतली, ती आता माझ्याच गळ्याशी आली.) तिला हे प्रकरण त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मॅडमना तिने सगळे नीट सांगितले आणि मग माझ्याकडे वळली. "मी पाळली, मी चारलं, अन् नाव तितरचं?" एवढेच म्हणाली. मला खाली बघावे लागले. इतकी वर्षे जिच्या कोंबड्यांची लोकांनी बोटे चाटून तारीफ केली, तिला त्यातला एक शब्द मिळाला नव्हता. पाटी बदलल्याशिवाय एक पीस देणार नाही, असे बजावून ती गेली. पाटी मी लगेच रंगवून घेतली. वर 'कालीबाईची गावरान कोंबडी' आणि खाली बारीक अक्षरांत 'तितर फक्त ऐकायला मिळेल.' सोमवारी कुलूप निघाले तर संध्याकाळी टांगायची आहे. पण कालीबाई माल पुरवणारी, तिची साक्ष एकटी पुरत नाही, असे मॅडमचे म्हणणे पडले.

असो. पत्र लांबले. तुमच्या गुडघ्यांसाठी मोहाचे तेल हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच पाठवले आहे, कोमट करून लावावे, जेवणात वापरू नये. घरातल्या मोठ्यांच्या पायांवर डोके, लहानांच्या डोक्यावर हात, आणि तुमचा आशीर्वाद आमच्या एकतीस जणांवर असू द्यावा.

आपला आज्ञाधारक मेव्हणा,
बन्सीलाल

ता. क. गल्ल्यामागच्या भिंतीवर तुमच्या सुंदर अक्षरातला अभिप्राय फ्रेम करून लावला होता, तो आठवत असेल. 'अस्सल तितराची चव ज्याला कळते त्याने इथेच यावे. मी खात्रीने सांगतो. उमाकांत गुरुजी, मुख्याध्यापक.' ती फ्रेम मॅडमनी जप्त केली आहे. माझ्याविरुद्धचा पहिल्या क्रमांकाचा पुरावा तोच आहे. मी म्हटले, ते माझे नातेवाईक आहेत. त्या म्हणाल्या, असू देत, लिहिले त्यांनी, मागे घ्यायचे तर त्यांनीच घ्यावे. म्हणून सोमवारी सकाळी नऊला गाडी पाठवतो. एकच वाक्य लिहून सही करायची आहे: 'मी सतरा वर्षे कोंबडी खाल्ली आणि मला ते कळले नाही.' भाषा हवी तशी सुधारा, अर्थ तेवढा राहू द्या.

ता. क. २. हे वाक्य लिहायला जड जाईल, मला कल्पना आहे. म्हणून कळवून ठेवतो की तितर खाणाराही कायद्याने सुटत नाही, मॅडमनी मुद्दाम सांगितले आहे. सतरा वर्षे, महिन्याला दोन हंड्या, आणि कबुली तुमच्या अक्षरात भिंतीवर. तेव्हा गुरुजी, एकतर तुम्हाला चव कळत नाही किंवा तुम्ही आरोपी आहात. दोन्हींपैकी एक पर्याय निवडावा.

ता. क. ३. हे पत्र शांतीताईपासून लपवायला जाऊ नका. तुम्ही चार गुरुजींना घेऊन आलात त्या पहिल्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात होती. माझ्याने सुरी चालत नाही हे तिने पाहिले आणि तलंग तिनेच कापली. सतरा वर्षे ती कोणाला एक शब्द बोलली नाही, ते काही माझ्यासाठी नव्हे.