चढतो मी, उतरू देत नाहीत

५ नोव्हेंबर
क्लबच्या गोदामात दोर चढलो. तुळईला सगळ्यांत आधी हात माझा. चढणं रक्तातच आहे. मग मास्तर म्हणाले, आता अर्ध्यावर थांबा आणि तिथूनच उतरायला लागा. याला चेंजओव्हर म्हणतात. अडकलो. मास्तरांनी दोरासकट खाली सोडलं, पोत्यासारखं.
महिनाअखेर खोल गुहेत जायचंय. ज्याला चेंजओव्हर जमणार नाही, त्यानं गुहेच्या तोंडाशी सामान राखायचं. ऑफिसात तर सगळ्यांना सांगून बसलोय. गेलंच पाहिजे.

८ नोव्हेंबर
कृती किरकोळ आहे. जॅमर म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, एक छातीवर, एक हातात. छातीवरच्या जॅमरवर लटकायचं. त्याच्या खाली दोरात डिसेंडर, म्हणजे उतरायची कप्पी, अडकवून लॉक करायचा. पायातल्या दोरीवर उभं राहून छातीचा जॅमर काढायचा आणि खाली बसायचं. वजन डिसेंडरवर. हातातला जॅमर काढा, उतरा. संपलं.
बसलो. डिसेंडर सैल, आणि मी हातातला जॅमर कमरेला जोडणाऱ्या सेफ्टी दोरीवर लटकलेला. वर जाता येईना, खाली येता येईना. मास्तरांचं म्हणणं, तुम्ही तो जॅमर फार वर ढकलता, उतरायचंय तर हात खाली ठेवा.
माझं म्हणणं, ती दोरी कुणीतरी आखूड केली आहे. मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, याच क्लबात आहे; तो कोपऱ्यात हसत होता. त्याला हे पहिल्याच दिवशी जमलं होतं म्हणे.

९ नोव्हेंबर
दोरी मोजली. होती तेवढीच आहे. म्हणजे गुपचूप पूर्ववत केली. पक्के आहेत.
हार्नेस, म्हणजे कमरेमांड्यांना आवळायचे पट्टे, घरी आणला. यापुढे नजरेआड नाही.

१४ नोव्हेंबर
पुन्हा पोतं. दोरी शाबूत, हार्नेस माझ्या ताब्यात. मग उरला दोर. तो क्लबचा. पाणी तिथेच मुरतंय. मास्तरांना दोर बदला म्हटलं. त्यांनी बदलला. नवीनही तसलाच निघाला.
मेहुणा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याशी बोलायची ही पद्धत?

१७ नोव्हेंबर
आता घरातच काहीतरी शिजतंय. बायको हल्ली संध्याकाळी भावाकडे जाते. परत येते ती घामाघूम. तळहातांना फोड. विचारलं तर म्हणाली, त्याच्याकडे साफसफाई काढलीय. त्या आळशाकडे? साफसफाई?
जेवताना मी सहज म्हटलं, लोकांचं माझ्याविरुद्ध चाललंय. तर ही म्हणते, आपलं वजन कशावर आहे ते आधी बघावं माणसानं. हे मास्तरांचं वाक्य आहे. शब्द न् शब्द.
घर फिरलं की वासेही फिरतात.

२४ नोव्हेंबर
आज परीक्षा. मुद्दाम हातातला जॅमर होता होईल तेवढा वर ढकलला. यांच्या सल्ल्यावर चालायचंच नाही, असं ठरवून गेलो होतो.
अडकलो. पाय बधिर. खाली सगळे माना वर करून. घाबरलो होतो, पण ओरडून सांगितलं की दोर सदोष आहे. तेवढ्यात शेजारच्या दोरावरून कुणीतरी सरसर वर आलं. बायको! हार्नेस मेहुण्याचा.
ती हळूच म्हणाली, “अहो, पायावर उभे राहा. छातीचा जॅमर परत लावून हातातला खाली घ्या, कपाळापाशी. आता छातीचा काढा. बसा.”
बसलो. वजन डिसेंडरवर आलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उतरलो. मग तिनं तिथल्या तिथे तिचा चेंजओव्हर केला आणि माझ्यामागून खाली आली.
मास्तर म्हणाले, ताई पास. तुम्ही दुसऱ्यानं सांगितल्यावर उतरलात, ते धरता येणार नाही.
मी त्यांचा निषेध केला. तोंडी.

२९ नोव्हेंबर
गुहेच्या तोंडाशी. सामान राखतोय. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही देत नाहीत.
उतरण्याआधी बायकोला विचारलंच, मला पाडायला शिकलीस का? ती हार्नेस आवळत होती.
“तुम्ही खाली घाबराल आणि कुणाला सांगणार नाही. सोबत घरचं कुणीतरी असावं, म्हणून शिकले.”
वाईट वाटलं, खूपच. तिला सांगणार होतो, तोवर ती कड्याखाली गेलीसुद्धा.
मग बऱ्याच वेळानं खोलातून तिची हाक आली, “दोर मोकळा!” म्हणजे पुढच्यानं यावं.
मी ताडकन उठलो.
मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही नाही. बसा.”