बेटावर न्यायची पेटी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला विचारतो आहे की ओल्या हवेच्या गावाला सामान कसं बांधायचं. हे तुम्ही मला शिकवलं नाही. गरजच पडली नव्हती. नागपुरातल्या आपल्या सदर बाजारच्या दुकानातून काचेचं सामान जायचं ते जबलपूरला, रायपूरला, फार तर भुसावळला. सगळा कोरडा मुलूख. आता माझी मुलगी अंदमानात आहे, पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात, आणि मला तिच्याकडे जायचं आहे. हुडकेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत पलंगावर पत्र्याची पेटी उघडी आहे. भर दुपार आहे, बाहेर लू चालली आहे, आणि मी पेटीशेजारी बसून लिहितो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे, पेट्यांवर पत्ते घालताना तुम्ही ब्रश माझ्या हातातून काढून घ्यायचे.

कुही गावाहून तुमच्याकडे आलो तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. धानाची जमीन भावांत वाटली गेली होती. धानाच्या तणसाशी, त्या वाळल्या पेंढ्याशी, माझी ओळख जन्मापासूनची, म्हणून शेठने मला पॅकिंगला लावलं. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात की याला तणस बैलाला घालता येतं, काचेला घालता येत नाही. एक दिवस तर आज सकाळचा वाटतो. कंदिलाच्या काचांची पेटी मी भरली आहे, खिळे ठोकले आहेत, आणि मला वाटतं की मधल्या थरात तणस कमी पडलं. मी खिळे उपसतो, चाचपून पाहतो, पुन्हा ठोकतो. थोड्या वेळाने परत तेच. तिसऱ्यांदा पकड हातात घेतो तेव्हा तुम्ही अंगणाच्या त्या टोकावरून, तोंडातली बिडी न काढता म्हणता, “काहून गा, अंडे उबवून राहिला का त्या पेटीत?” सगळे हसतात. मला फार लागलं होतं ते. पण वर्षभराने आम्हाला मुलगी झाली तेव्हा तुम्ही देवदाराच्या जुन्या खोक्याचा पाळणा करून आणलात, कडा पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत केलेल्या. आमच्या स्वयंपाकघरात चुलीपासून लांब, खिडकीखाली तुम्ही तो टांगला, खाली तणस, वर कापूस, वर माझ्या बायकोचं जुनं लुगडं. दोन्ही हातांनी दाबून पाहिलंत आणि बायकोला म्हणालात, “ठेव वं आता पोरीले. यात कंदिलाची चिमणी ठेवली तरी तडकणार नाही.”

तीच ही मुलगी. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. जावई सरकारी नोकरीत, बदली होऊन तिकडे गेला. तिच्या रुखवताची पेटी मी स्वतः बांधली. मला अभिमान होता, मिस्त्री. कुहीहून नवं तणस आणलं, गच्चीवर चार दिवस उन्हात वाळवलं, कुरड्या, सांडगे, पितळेची भांडी, दोन गोधड्या, लग्नाचा फोटो, सगळं तुमच्या पद्धतीने थरावर थर रचलं. फटीत तणस कोंबलं, वरून पोतं शिवलं. बोट जायला जागा ठेवली नाही. आपण नागपूरचे लोक, आपल्याला धूळ आणि लू एवढंच ठाऊक. महिन्याभराने तिचं पत्र आलं. पेटी उघडली तर पावसाळ्यात गोठ्यात शिरल्यासारखा वास आला म्हणे. तणसाने जहाजातली सगळी ओल पिऊन घेतली होती. कुरड्यांना हिरवी लव, फोटोत नवऱ्यामुलाच्या तोंडावर डाग. तिने गंमतच केली होती, लिहिलं होतं की बाबा, तुमचा जावई लग्नातच म्हातारा दिसून राहिला. गोधड्या मात्र तिने टाकल्या नाहीत, आईच्या हातच्या म्हणून. वाळवायला बघायची, त्या कधी वाळायच्या नाहीत, तशाच पांघरायची. आता तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. जावई लिहितो की त्याचा गोधडीशी काही संबंध नाही, डॉक्टरांना विचारलं आहे. ते मला समजतं. तरी माझा विचार रोज दुपारी त्या गोधड्यांपाशीच येऊन थांबतो.

जावयाची तार इंग्रजीत आली ती शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली. प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा, शनिवारी कलकत्त्याहून जहाज आहे. हाती पाच दिवस होते. मी पेटी काढली. चामड्याची चप्पल ठेवली, बुरशी येईल म्हणून काढली, रबरी ठेवली. जाड धोतर काढून पातळ ठेवलं. मास्तर म्हणाले कपड्यांत चुनकळीची पुरचुंडी ठेवा, ओल ओढून घेते. ठेवली. मग वाटलं कपडे जळतील, काढली. तिला मीठ बंद आहे, म्हणून तिच्या आईने गच्चीवर बिनमिठाच्या ज्वारीच्या पापड्या घातल्या, आईचे गुडघे धड नाहीत तरी वर चढली. त्या पापड्या मी कागदात बांधल्या, मग डब्यात, मग डब्याला मेण लावलं, मग मेण खरवडून काढलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “तुम्ही जाऊन राहिले का दुकान मांडून राहिले?” मी म्हटलं की एकदा चूक झाली, पुन्हा व्हायला नको. ती आत गेली.

ते शनिवारचं जहाज गेलं, मिस्त्री. पुढचं पंधरा दिवसांनी आहे, त्यातले नऊ गेले. बायकोला मी सांगितलं की हावड्याच्या गाडीत जागा मिळाली नाही, उन्हाळ्याची गर्दी आहे. तसं नव्हतं. बुधवारी मी स्टेशनवर रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला, खिडकीतला बाबू म्हणाला, “काका, एक बर्थ आहे. लिहू का नाव?” मी म्हटलं, थांबा, घरी विचारून येतो. विचारायचं काही नव्हतं. दुसरी तार अजून आलेली नाही, म्हणजे ती आहे, एवढं मला इथे बसून कळतं. जहाजात चार दिवस काहीच कळणार नाही, आणि उतरल्यावर धक्क्यावर जावई एकटा उभा असेल, त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल. ते मला जमणार नाही असं वाटतं, पुढच्या जहाजालाही नाही.

हे आंतरदेशीय पत्र मी मुलीसाठी आणलं होतं. का आलो नाही ते तिला कळवायचं होतं. दोन दिवस कोरंच होतं, आणि आज तुम्हाला लिहून भरून टाकलं.