गळ्याला नाडी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पांघरुणात बसल्या बसल्या घातलाय, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग, थांबला नसेल तर थांबल्यावर सांग, मधे सांगितलास तर त्यांना ऐकू जायचा नाही. इकडे थंडी पडली आहे. घरी सगळे मजेत आहेत, फक्त माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

परवा फोनवर मी स्वेटर विणतोय म्हणालो आणि तू जी हसत सुटलीस, ते मी विसरलेलो नाही. हसून झाल्यावर वर म्हणालीस, "तू सुरू करतोस रे, पण आजवर पूर्ण काय केलंयस?" त्यावर फोन बंद झाला. रेंज गेली असं तुला वाटलं असेल तर तसं काही नव्हतं, मी मुद्दाम ठेवला. आता पत्र लिहितोय, कारण पत्रात तुला मधे बोलता येत नाही, आणि हसलीस तरी मला ऐकू येत नाही.

मुळात हे सगळं सुरू कसं झालं ते नीट ऐक. पहिली थंडी पडली त्या सकाळी मी नवा मरून स्वेटर घालून आमच्या पाणीपट्टीच्या ऑफिसात गेलो. दारात पहारेकऱ्याच्या अंगात तसाच स्वेटर. छातीवरचे दोन पांढरे पट्टेसुद्धा तेच. आम्ही दोघांनी एकमेकांना न पाहिल्यासारखं केलं. जिना चढून वर गेलो, तर साहेबांच्याही अंगात तोच. (सेल एकाच दुकानात लागला होता, त्याला कोण काय करणार?) मला वाटलं साहेब ओशाळतील. कसले ओशाळतात, ते तर खूश झाले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होताहेत. निरोपाच्या फोटोत सगळ्यांनी हाच स्वेटर घातला तर एका कुटुंबासारखं दिसेल, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं पित्त खवळलं. जन्मभर मी लोकांच्या पाण्याच्या बिलातल्या चुका काढत बसलो, पण ऑफिसनं माझ्या अंगावर काय असावं हे कधी ठरवलं नव्हतं, आणि आता या वयात ठरवू देणार नव्हतो. मी उभा राहिलो आणि सांगितलं की फोटोला मी स्वतः विणलेला स्वेटर घालून येईन. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तोंड सुटलं ते सुटलंच. यापुढे टोपीपासून मोज्यांपर्यंत लोकरीचं जे जे अंगावर चढेल ते माझ्याच हातचं असेल, असंही सांगून बसलो. मरून स्वेटर संध्याकाळी कँटीनवाल्याला देऊन टाकला. त्याला तो माझ्यापेक्षा छान दिसतो.

घरी तुझ्या भावजयीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि चपलाही आता घरीच करणार का, एवढंच विचारलं. तुझ्या भाचीची मैत्रीण अभ्यासाला आली होती. मला खुर्चीत विणत बसलेलं पाहून तिनं भाचीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, बाबांना डॉक्टरांनी सांगितलंय का. पुरुषाच्या हातात सुया दिसल्या की लोकांना आधी आजार आठवतो. मी मुद्दाम तिच्यासमोर आणखी जोरात विणलं. (विणण्यात जोर कसा लावतात हे मला विचारू नकोस, पण लावला.)

हात बसावा म्हणून आधी मफलर घेतला. तो काही थांबेना. थंडी जशी वाढली तसा तोही वाढला. आता तीन खुर्च्यांना वेढा घालून उरतो, आणि पाहुणा खुर्ची सरकवायला गेला की बाकीच्या दोन त्याच्यामागून येतात. शेवटी तुझ्या भावजयीनं तो गॅलरीच्या दाराखालच्या फटीत कोंबला, सुईसकट. वारा यायचा बंद झाला हे तीही नाकारत नाही.

मग स्वेटर. ताई, स्वेटर सुरेख झाला. खालून वर विणत गळ्यापर्यंत आणला आणि गळ्याच्या टाक्यांतून नाडी ओवली. हो, नाडी. ती खास रचना आहे. गळा हवा तसा घट्ट करावा, हवा तसा सैल. शेजारच्या निवृत्त शिवणबाईंनी चष्मा पुसून तो उलटासुलटा करून पाहिला आणि आरशात बघून विणलाय का म्हणून विचारलं. मी हे कौतुकात धरलं.

तो घालून ऑफिसला गेलो. पहारेकऱ्यानं सलाम केला, पण नाडीला केला असं मला वाटलं. कुणीतरी मागून म्हणालंच की पायजमा वर चढलाय. मी ढुंकून पाहिलं नाही. इथवर सगळं नीट होतं. पण आमच्या कॅशियरबाई फार मायाळू. माझ्या मानेशी काहीतरी लोंबतंय हे पाहून त्यांनी मागून येऊन मायेनं कात्री चालवली, नाडी ओढून काढली, आणि बरोबर लोकरीचं टोक आलं तेही ओढलं. ते येतच राहिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गळा छातीवर आला, चहापर्यंत पोटावर, आणि ऑफिस सुटताना माझ्याकडे दोन बाह्या होत्या आणि त्यांच्यामध्ये थोडीशी लोकर होती. साहेबांनी स्वतःच्या अंगातला मरून काढून पुढे केला. सगळं ऑफिस बघत होतं. दात वाजत होते तरी मी नको म्हणालो आणि तसाच चालत घरी आलो. रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते. बघू देत.

मी हरलेलो नाही. तीच लोकर पुन्हा गुंडाळली, पुन्हा विणली, आणि आज परत गळ्यापर्यंत येऊन पोचलो आहे. फोटो जवळ आलाय. मागच्या रांगेत उभं करा नाहीतर खांबाआड, मी माझाच स्वेटर घालणार. घरातल्या लहानांना माझे आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा नमस्कार, न हसता घे.

तुझा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा,
धाकटा

ता. क. टाके बंद कसे करतात?

ता. क. दुसरा. नाडी ही खास रचना वगैरे काही नाही. मला शेवट करता येत नाही. मफलरही त्यामुळेच थांबत नाही. भाचीनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले, पण ते सगळे उजव्या हाताचे. तू डावखुरी, लहानपणी तुझ्या शेजारी बसून तुझं बघत शिकलो, म्हणून जेवतो उजव्या हातानं आणि विणतो डाव्या. शिवणबाईंनी हात टेकले. या जगात माझं विणकाम तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. आणि तू विचारलंस ना, पूर्ण काय केलं म्हणून? आठव जरा. शेवटची ओळ आली की दर वेळी माझ्या हातातून सुया काढून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "आण इकडे, शेवट मी करते." मग मी पूर्ण करणार कधी होतो?

ता. क. तिसरा. तुझ्या भावजयीनं कपाटात साड्यांखाली एक मरून स्वेटर आणून लपवलाय. माझ्याच मापाचा. मला दिसला हे तिला माहीत नाही. तो घालायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

ता. क. शेवटचा. विणलेलं पार्सलनं पाठवत नाही. पाठवलं तर तू बंद करूनच परत धाडशील, तुला मी ओळखतो. तू ये. समोर बस, हात पाठीमागे बांध आणि तोंडानं सांग. हवं तेवढं हस. शेवट मी करणार.